‘येणे’ कोणाकडे? : ‘कमिंग टू अमेरिका’ आणि त्याचे प्रेक्षक

‘येणे’ व ‘जाणे’ ही क्रियापदे एकाच हालचालीची वाचक असू शकतात. भेद असतो तो बोलणारा व ऐकणारा कोठे उभे आहेत याचा. पुण्यातील मनुष्य मुंबईच्या स्नेह्यास ‘उद्या येतो’ असे लिहितो आणि घरच्यांना ‘उद्या जातो’ असे सांगतो. इंग्रजीतील समानार्थी क्रियापदांचा सामान्य नियमही हाच. २९ जून १९८८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘कमिंग टू अमेरिका’ या विनोदी चित्रपटाच्या नावात ‘येणे’ आहे. कथा आफ्रिकेतील एका राजपुत्राची. परंतु नाव देणारा आणि ज्याच्यासाठी ते दिले तो प्रेक्षक, हे दोघेही अमेरिकेत उभे आहेत. या चित्रपटास मिळालेल्या परस्परविरोधी प्रतिसादांचा उलगडा करावयाचा, तर या क्रियापदापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

कथानक जुन्याच वळणाचे आहे. झामुंडा या कल्पित राज्याचा युवराज अकीम, आईबापांनी निवडलेली आज्ञाधारक वधू नाकारतो आणि स्वतंत्र बुद्धीची पत्नी शोधण्यासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात सामान्य माणसाप्रमाणे राहू लागतो. एका खाद्यगृहात तो फरशी पुसतो व मालकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. वेषांतर करून लोकांत मिसळणारा राजा मराठी वाचकासही कथांतून परिचित आहेच. दिग्दर्शन जॉन लँडिस यांचे; एडी मर्फी यांनी अकीमखेरीज इतरही भूमिका केल्या, त्यांत केशकर्तनालयात बसणारा एक वृद्ध ज्यू आहे. चित्रपटाने केवळ अमेरिकेत १२ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रेक्षकाने या चित्रपटाचे जे स्वागत केले, त्याचा अर्थ त्या काळाच्या संदर्भातच लागतो. १९८४-८५ च्या इथिओपियातील दुष्काळाने आफ्रिका म्हणजे उपासमार, असे समीकरण दूरचित्रवाणीवर रूढ केले होते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या बातम्या रोजच्या होत्या. अशा वेळी पडद्यावर दिसला तो संपन्न, स्वयंपूर्ण, कोणापुढेही हात न पसरणारा काळा राजा. जेम्स अर्ल जोन्स यांच्या धीरगंभीर आवाजाने त्या राजास जे वजन प्राप्त झाले, ते पटकथेत शोधून सापडणार नाही. शिवाय जवळजवळ सर्व पात्रे कृष्णवर्णीय होती. खाद्यगृहातील एक गोरा नोकर लुई अँडरसन यांनी रंगविला आहे. चित्रपटात एखादा तरी गोरा नट असावा असा निर्मात्यांचा आग्रह होता, असे मर्फी व सहकलाकार आर्सेनिओ हॉल यांनी २०२१ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले. गोरा प्रेक्षक येणार नाही, ही भीती त्यामागे असावी. ती निराधार ठरली.

येथे शब्दाचा एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या संज्ञेचा जाहीर पुरस्कार जेसी जॅक्सन यांनी केला तो डिसेंबर १९८८ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सुमारे सहा महिन्यांनी. नावात आफ्रिका घेण्याची इच्छा प्रबळ होत असताना, प्रत्यक्ष आफ्रिकेतून आलेला शेजारी मात्र हास्यास्पद वाटत होता. या विसंगतीवरच चित्रपटातील पुष्कळसा विनोद उभा आहे.

विसंगतीचे चटके कोणाला बसत, हे केशतेलाचा व्यापार करणाऱ्या धनिकाच्या मुलाच्या, डॅरिलच्या, तोंडच्या टोमण्यांवरून कळते. अंगात कपडे घालणे हा तुला नवाच अनुभव असेल, असे तो अकीमला ऐकवितो. अकीम कोण आहे हे प्रेक्षकास ठाऊक असल्यामुळे टोमणा उलटतो आणि हसे होते ते डॅरिलचे. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. पण १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे अधिक खुली झाल्यानंतर तेथे गेलेल्या आफ्रिकी कुटुंबांतील मुलांना शाळेत अशाच तऱ्हेचे शब्द ऐकावे लागत, आणि त्यांच्यापाशी उघड करावयास राजमुकुट नव्हता. पडद्यावर जो टोमणा उलटतो, तो शाळेच्या अंगणात उलटत नाही. त्याच मुलांतील अनेकांनी मोठेपणी या चित्रपटाविषयी प्रेमानेही लिहिले आहे, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. अभिमान आणि चीड या दोन्ही प्रतिक्रिया एकाच प्रेक्षकात एकाच वेळी नांदू शकतात.

चीड का, हे सांगणे कठीण नाही. राजवाड्याच्या परिसरात हत्ती हिंडतात, राजाच्या खांद्यावर सिंहाचे कातडे असते, वाटेवर गुलाबपाकळ्या उधळणाऱ्या दासी असतात, आणि वाग्दत्त वधू आज्ञा होताच एका पायावर उड्या मारीत कुत्र्यासारखी भुंकते. भाषेचे दैन्य मात्र याहून अधिक बोलके आहे. झामुंडाला स्वतःची भाषाच नाही. राजघराणे इंग्रजी बोलते, आणि मर्फी यांचे उच्चार कोणत्याही एका आफ्रिकी देशाचे म्हणून ओळखता येत नाहीत. नावेही ठिकठिकाणची आहेत. ‘अकीम’ हे मूळच्या अरबी ‘हकीम’चे रूप नायजेरियात प्रचलित आहे; लागोसमध्ये जन्मलेला प्रख्यात बास्केटबॉलपटू ओलाजुवॉन त्या वेळी अमेरिकेत ‘अकीम’ म्हणूनच ओळखला जाई, ‘ह’ त्याने १९९१ मध्ये लावून घेतला. वधूचे ‘इमानी’ हे नाव स्वाहिली. आरंभी ऐकू येणारे ‘म्बुबे’ हे गीत झुलू. त्या शब्दाचा अर्थ सिंह. सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये मुद्रित केलेल्या या गीतातील ‘उयिम्बुबे’चे अमेरिकी गायकांनी ऐकण्याच्या चुकीमुळे ‘विमोवे’ केले होते. अपभ्रंशच परिचयाचा झालेल्या प्रेक्षकास चित्रपटाने निदान मूळ शब्द ऐकविला, हे त्याच्या पदरी टाकावयास हवे.

चित्रपटातील सर्वांत मार्मिक भाषिक प्रसंग सज्जातला आहे. क्वीन्समधील पहिल्या सकाळी अकीम शेजाऱ्यांना उच्च स्वरात, ग्रांथिक इंग्रजीत सुप्रभात चिंततो. उत्तरादाखल एक अर्वाच्य शिवी येते. तिला स्थानिक अभिवादन समजून तो तीच आनंदाने परत करतो. मॅलिनोव्स्की यांनी ज्या भाषाव्यवहाराचे वर्णन केले, ज्यात शब्दार्थाहून संबंध जोडणे महत्त्वाचे असते, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी सहज मिळणार नाही. अमेरिकी प्रेक्षक येथे नवख्याच्या अज्ञानाला हसतो. इंग्रजी पुस्तकांतून शिकून परदेशी गेलेला प्रेक्षक मात्र शेजाऱ्याच्या उद्धटपणाला हसतो. वाक्य पूर्ण व शुद्ध बोलणे हा दोष आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अन्य भाषांतील नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. फ्रेंच नावाचा अर्थ ‘न्यूयॉर्कमधील राजपुत्र’, जर्मन नावाचा ‘झामुंडाचा राजपुत्र’, इटालियन नावाचा ‘राजपुत्र पत्नी शोधतो’. ‘येणे’ यांपैकी कोणातही नाही, कारण पॅरिस वा रोमच्या प्रेक्षकाकडे कोणी आलेलेच नाही. तमिळमध्ये याच कल्पनेवर १९९० मध्ये ‘माय डिअर मार्ताण्डन’ निघाला. तेथे आफ्रिकेची गरजही उरली नाही.

दुसरा भाग ५ मार्च २०२१ रोजी आला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ‘ब्लॅक पँथर’ने वकांडा या दुसऱ्या कल्पित राज्याच्या मुखी खोसा ही दक्षिण आफ्रिकेतील खरी भाषा घातली होती, त्यामुळे झामुंडाच्या कृत्रिम उच्चारांविषयी तक्रार झाली तर नवल नव्हते. नोम्झामो म्बाथा ही दक्षिण आफ्रिकी अभिनेत्री राजघराण्याच्या केशकर्तनकाराच्या भूमिकेत होती. चित्रीकरण मात्र अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाले. कथेत आता अकीमचा क्वीन्समध्ये वाढलेला मुलगा झामुंडास जातो. प्रवासाची मुख्य दिशा उलटली आहे. तरीही नाव ‘कमिंग टू अमेरिका’ हेच राहिले. ‘टू’च्या जागी तेवढा दोनचा आकडा आला.