गावाला जाताना कुत्र्याला कोणाकडे सोपवाल?

मैत्रिणींनो, लग्न, माहेरपण, पंढरीची वारी... चौसाळ्याहून आपण निघतो, पण घरच्या कुत्र्याचे काय? त्याला उपाशी बांधून जाणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, बरं का! शेजारणीला "जरा भाकरी टाका हं" एवढे सांगूनही भागत नाही. ज्या आजींना पाहून तो शेपटी हलवतो, त्याच बऱ्या. आठ दिवस आधीपासून त्यांच्याच हातून त्याला खाऊ घाला. एक दिवस मुद्दाम बाहेर राहून बघा, खातो का. कांदा नको, हे बजावाच (आपली कोणती भाजी कांद्यावाचून होते?), त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रेबीजची लस त्याला आधीच टोचून घ्या. तरीही दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे आजींच्या घरच्यांनाही सांगून ठेवा.