स्टेंट बसला, पण मेंदूचं काय?

मागच्या वर्षी माझ्या मामांच्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत स्टेंट बसवला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याच बाजूचं डोकं ठणकायला लागलं. "जागरणाने असेल, गोळी घेऊन पडतो," मामा म्हणाले. मामीने बीपी मोजलं, तर १९०च्या वर! आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. तिथे जे कळलं, आणि नंतर मी जे वाचलं, तेच आज सांगतोय.

धमनी अरुंद असते तेव्हा मिळेल तेवढं रक्त घ्यायला मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. स्टेंटने वाट मोकळी होते, रक्त जोरात येतं, पण या वाहिन्यांना लगेच आवळून घेता येत नाही. त्यात बीपी चढलं तर मेंदूला सूज, फिट, क्वचित रक्तस्रावही होऊ शकतो. याला हायपरपरफ्युजन म्हणतात. म्हणून पहिलं काम: बीपी रोज मोजा, वहीत लिहा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत ठेवा.

दुसरं, गोळ्या. स्टेंटची जाळी शरीराला परकी असते, तिच्यावर गुठळी धरू शकते. म्हणून सहसा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या देतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी गोष्ट मला फार भारी वाटली. दंडाला बीपीसारखा पट्टा ५ मिनिटं आवळायचा, ५ मिनिटं सोडायचा, असं पाच वेळा. हाताला बसलेल्या या छोट्या ताणामुळे दूरचे अवयवही रक्त कमी पडलं तर तग धरायला तयार होतात, अशी कल्पना आहे. चीनमध्ये १८९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली छापून आला. स्टेंटच्या आधी दोन आठवडे, दिवसातून दोनदा हे केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये नवे डाग दिसले. काहीच न केलेल्यांत ते प्रमाण ४१ टक्के होतं. पण अभ्यास लहान होता, आणि हे सगळं स्टेंटच्या आधी केलेलं. त्यामुळे घरच्या मशीनवर प्रयोग नको!

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, फिट आली, तर थांबू नका, १०८ लावा. डोकं जोरात ठणकत असेल तर बीपी मोजा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

मामा आता ठणठणीत आहेत. वही अजून मामीच्या ताब्यात आहे.