विणकाम-आकृतिबंध
विणकाम-आकृतिबंध : सुयांवर किंवा क्रोशाच्या सुईने करावयाच्या विणकामासाठी आधी योजून, मोजून व लिहून ठेवलेली रचना. वस्तूचा आकार, टाक्यांची संख्या, ओळींचा क्रम, रंगांची मांडणी व जोडणीची रीत या सर्वांचा तीत समावेश होतो. वीणकराने स्वतःपुरते कागदावर केलेले टिपण आणि प्रसिद्ध होणारा आकृतिबंध यांत मोठे अंतर आहे. टिपणातील उणीव वीणकराचा हात भरून काढतो. प्रसिद्ध झालेला आकृतिबंध मात्र अपरिचित व्यक्तीच्या हाती पडतो आणि त्यातील एका अंकाची चूक तिचे कित्येक आठवड्यांचे श्रम वाया घालवू शकते. विणकामाच्या नियतकालिकांत एका अंकासाठी अनेक आकृतिबंध एकाच विषयसूत्राभोवती गुंफण्याची पद्धत रूढ आहे. समुद्र, हिमवर्षाव, बाग किंवा एखाद्या प्रदेशाची परंपरा अशी ही सूत्रे असतात.

मुद्रित आकृतिबंधांचा इतिहास फार जुना नाही. लंडन येथे १६५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नातुरा एक्सेंतेराता या संकीर्ण ग्रंथात पायमोजे विणण्याची कृती आढळते. परंतु ती सलग गद्यात असल्याने समजण्यास कठीण आहे. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय स्त्रियांत विणकामाचा छंद पसरला, तेव्हा लेखनाची सुबोध रीत शोधणे भाग पडले. एडिंबरो येथील जेन गॉगन यांनी १८४० मधील आपल्या पुस्तकात टाक्यांसाठी अक्षरांची चिन्हे वापरली व त्यांपैकी काही अक्षरे उलटी छापली. क्रोशाच्या बाबतीत रीगो द ला ब्रांशार्दिएर यांची पुस्तके १८४० नंतरच्या दशकात इंग्लंड-आयर्लंडमध्ये लोकप्रिय झाली. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळाच्या काळात क्रोशाची लेस हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. त्या लेसमध्ये गुलाब, पाने, द्राक्षांचे घोस असे सुटे घटक विणून ते जाळीने जोडले जात. एका विषयसूत्राचे अनेक घटक योजण्याची पद्धत येथे स्पष्ट दिसते. तेरेझ द दिल्माँ यांच्या १८८६ मधील सूचिकलाकोशाने या ज्ञानाचे संकलन केले. पुढे सूतगिरण्यांनी आपली लोकर खपावी म्हणून स्वस्त पत्रके काढली. ती चाळणारास आकृतिबंध हाच मुख्य माल वाटे. गिरणीच्या दृष्टीने तो लोकरीची जाहिरात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्बरा वॉकर यांनी शेकडो विणींचे संग्रह प्रसिद्ध केले (पहिला संग्रह १९६८).

टाक्यांचे प्रमाण : आकृतिबंधाचा पाया म्हणजे टाक्यांचे प्रमाण. विणलेल्या चौकोनी तुकड्यात दहा सेंमी. रुंदीत किती टाके व दहा सेंमी. उंचीत किती ओळी बसतात, ते मोजून हे प्रमाण ठरवितात. समजा, ते २२ टाके व ३० ओळी असे आले. ९२ सेंमी. छातीच्या व्यक्तीसाठी ८ सेंमी. सैलपणा धरून १०० सेंमी. घेराचा स्वेटर हवा असेल, तर २२० टाके लागतील. विणणाऱ्याचा हात थोडा सैल असून दहा सेंमी.मध्ये २० टाकेच बसले, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ११० सेंमी. होईल. दोन टाक्यांचा फरक क्षुल्लक दिसतो, पण अंगात घातल्यावर तो दहा सेंमी.चा ठरतो. म्हणूनच आकृतिबंधाच्या आरंभी हे प्रमाण देणे अनिवार्य मानतात. आणि नेमका तोच मजकूर वाचक बहुधा वगळतात, हा संपादकांचा नेहमीचा अनुभव होय.

या प्रमाणामुळे चित्राचेही रूप बदलते. सुलट विणीतील टाका उंचीपेक्षा अधिक रुंद असतो. चौरस घरांच्या आलेखकागदावर २२ घरे रुंद व २२ घरे उंच असे वर्तुळ रेखाटून ते वरील प्रमाणाने विणल्यास रुंदी १० सेंमी. भरेल, उंची मात्र ७.३ सेंमी.च येईल. पौर्णिमेचा चंद्र असा दबलेला उतरतो. त्यासाठी आडव्या घरांचा, म्हणजे टाक्याच्या प्रमाणाचा, आलेखकागद वापरतात.

विषयसूत्राचे रूपांतर : एखादा विषय विणकामात आणणे म्हणजे त्याचे चित्र जसेच्या तसे उतरविणे नव्हे. वीण स्वतःच काही गोष्टी सहज करते व काहींना विरोध करते. लाट दाखवावयाची असल्यास टाके वाढविण्याची व एकत्र घेण्याची ठिकाणे एकाआड एक ठेवली की कडा आपोआप नागमोडी होते. तेथे निळ्या रंगात लाटेची आकृती काढण्याचे कारण उरत नाही. दोरखंडासाठी वेणीची वीण, पावसासाठी जाळीच्या उभ्या ओळी, खडकासाठी उलट टाक्यांचा खरबरीत पोत ही साधने हाताशी असतात. क्रोशाचा विशेष असा, की प्रत्येक टाका जवळजवळ स्वतंत्र असल्याने कोणत्याही दिशेस वळता येते. प्रत्येक फेरीत ठराविक प्रमाणात टाके वाढवीत गेल्यास सपाट पत्रा सुरकुतून पोवळ्यासारखा होतो. गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये याच गुणधर्माचा उपयोग करून अपास्तीय भूमितीची प्रतिमाने क्रोशाने विणली आणि पुढे त्यांतून प्रवाळभित्तीच्या विषयावरील सामूहिक कलाकृती निर्माण झाल्या.

रंगीत आकृतींचे बंधन वेगळे असते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटाच्या शैलीत एका ओळीत दोनच रंग असतात व न वापरलेला धागा मागून नेला जातो. तो पाच-सहा टाक्यांपेक्षा लांब राहिल्यास बोटात अडकतो. त्यामुळे मोठी एकरंगी क्षेत्रे टाळून लहान, दाट आकृती योजाव्या लागतात. म्हणजे त्या शैलीचे सौंदर्य बऱ्याच अंशी या अडचणीतूनच जन्मले आहे. शिवाय आकृतीचे आवर्तन एकूण टाक्यांना पूर्ण भागणारे हवे. २२० टाक्यांत २० टाक्यांची ११ आवर्तने नेमकी बसतात. २४ टाक्यांचे आवर्तन घेतल्यास २१६ किंवा २४० टाके करावे लागतात, म्हणजे घेर सु. ९८ किंवा सु. १०९ सेंमी. होतो. निरनिराळ्या मापांच्या कपड्यांसाठी लहान आवर्तने सोयीची ठरतात, ती याच कारणाने.

बाहीसाठी याच रीतीने हिशेब करतात. एलिझाबेथ झिमरमन यांनी घेराच्या टाक्यांना मूळ अंक मानून इतर भाग त्याच्या टक्क्यांत काढण्याची सुटसुटीत पद्धत रूढ केली : मनगट सु. २० टक्के, दंड सु. एक तृतीयांश. २२० टाक्यांवरून मनगटास ४४ व दंडास ७४ टाके येतात. ३० टाके वाढवावयाचे, ते दर वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे १५ वेळा. ४० सेंमी. लांबीच्या बाहीत १२० ओळी असल्याने दर सातव्या ओळीस वाढ केली, तर १०५ ओळींत ती पुरी होते व १५ ओळी सरळ उरतात.

परंपरेचे विषयसूत्र घेताना एक धोका संभवतो. आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरन बेटांवरील वेण्यांच्या स्वेटराविषयी असे सांगितले जाते, की प्रत्येक कुळाची वीण वेगळी असे व तीवरून बुडालेल्या कोळ्याचे शव ओळखले जाई. जे. एम्. सिंज यांच्या रायडर्स टू द सी (१९०४) या नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख पटते, ती पायमोज्यातील सुटलेल्या टाक्यांवरून. कुळाच्या विणीचा तेथे संबंध नाही. लोकरीचे व्यापारी हाइन्ट्स एडगर कीव्ह यांनी या विणींना प्राचीन धार्मिक अर्थ चिकटविले (१९६७). विणकामाचे इतिहासकार रिचर्ड रट यांनी आपल्या ग्रंथात (१९८७) या कल्पनांचा फोलपणा दाखविला. हा स्वेटर मुळात विसाव्या शतकाच्या आसपासचाच आहे. तरीही आकृतिबंधांच्या प्रस्तावनांतून ती कथा आजही पुनरुक्त होते. वेण्या सुंदर आहेत. त्यांना खोट्या पुरातनतेची गरज नाही. उलट, अशा कथेमुळे त्या प्रत्यक्ष विणणाऱ्या बेटावरील स्त्रियांचे कौशल्य झाकोळून जाते.

प्रसिद्धीपूर्व प्रक्रिया : हिवाळी अंकाचे आकृतिबंध बरेच महिने आधी तयार करावे लागतात. रचनाकार रेखाचित्र व विणलेला तुकडा पाठवितो, निवड झाल्यावर पूर्ण वस्तू विणली जाते, मग तंत्रसंपादक प्रत्येक ओळीची बेरीज पडताळतो. रचनाकार सोडून दुसऱ्या कोणीतरी केवळ लिखित मजकुरावरून वस्तू विणून पाहणे ही सर्वांत विश्वसनीय कसोटी होय. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली, प्रत्यक्षात विणताच न येणारी चित्रे आकृतिबंध म्हणून विकली जाऊ लागल्याने या कसोटीचे महत्त्व वाढले आहे.

मराठीतील परिभाषा घरोघरच्या वापरातून घडली आहे : सुलट, उलट, टाके घालणे, टाके बंद करणे, जाळी, क्रोशासाठी साखळी, खांब व मुका खांब. ओळीला ‘सुई’ म्हणण्याची रीतही आहे, त्यामुळे कृती ‘पहिली सुई : सर्व सुलट’ अशी सुरू होते. इंग्रजी कृतींवरून मराठी कृती करताना एक घोटाळा संभवतो. अमेरिकेत ज्यास एकेरी क्रोशे म्हणतात, त्यासच ब्रिटनमध्ये दुहेरी क्रोशे म्हणतात. मूळ कृती कोणत्या देशातील आहे हे न पाहता भाषांतर केल्यास मुक्या खांबाच्या जागी खांब पडून वस्तूची उंची बरीच वाढते.

महाराष्ट्रात क्रोशाची तोरणे, रुमाल व पडदे यांसाठी चौकटीची वीण विशेष प्रचलित आहे. तीत मोकळे घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या व पुढचा खांब. भरलेले घर म्हणजे सलग चार खांब. शेजारचा खांब सामाईक असल्याने सलग भरलेल्या घरांच्या तिपटीत एक मिळविला की खांबांची संख्या येते : पाच घरांना १६ खांब. या जाळीत देवनागरी अक्षरे चांगली उतरतात, कारण शिरोरेखा ही भरलेल्या घरांची एक सलग ओळ होते. मात्र ‘सुस्वागतम्’ सारख्या शब्दात उकार व पायमोड यांसाठी खाली दोन-तीन ओळी आणि वेलांटी असलेल्या शब्दात शिरोरेषेच्या वर तितक्याच ओळी मोकळ्या सोडाव्या लागतात. त्या आधी न मोजल्यास अक्षर काठाला भिडते व तोरण उसवावे लागते.