पियूषिकेतील गाठ आणि कापाकापीची घाई

एमआरआयच्या अहवालात पियूषिका ग्रंथीत गाठ असल्याचे वाचल्याबरोबर कॅन्सर आणि कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी गृहीत धरण्याची रीत इतकी रुळली आहे, की संप्रेरकांच्या तपासण्या होण्याआधीच नातेवाईक न्यूरोसर्जनच्या शोधाला लागतात. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतील बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. त्यांतील काही एखादे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांना आदेश पोहोचवणारे रसायन, प्रमाणाबाहेर स्रवतात, आणि ते कोणते यावर उपचार ठरतो.

संप्रेरक स्रवणाऱ्या गाठींत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रोलॅक्टिनोमात प्रसूतीनंतर दूध आणणारे प्रोलॅक्टिन अवेळी वाढते, त्यामुळे स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, तर पुरुषांत कामेच्छा घटते आणि संकोचापायी निदान लांबते. डोपामिन हे मेंदूतील रसायन प्रोलॅक्टिनला मुळातच आवर घालत असल्याने त्याचेच काम करणारी कॅबरगोलिनची गोळी, जी बहुधा आठवड्यातून एकदा-दोनदाच घ्यावी लागते, बहुसंख्य रुग्णांत प्रोलॅक्टिन उतरवते आणि गाठही आक्रसवते. एंडोक्राइन सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी याच औषधगटाची शिफारस आहे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात लहान, नीट सीमित गाठींसाठी अनुभवी हातांच्या शस्त्रक्रियेचा पर्यायही मांडला आहे, पण ती सहसा नाकावाटे होते, कवटी उघडून नव्हे.

उलट टोकाचा उतावीळपणा असा, की प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे गाठ आहेच. गर्भावस्था, थायरॉइडची कमतरता आणि पोटाच्या तक्रारींवर सर्रास घेतली जाणारी डोम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइडसारखी औषधेही ते वाढवतात, म्हणून एमआरआयच्या आधी रुग्णाची औषधांची पिशवी तपासणे शहाणपणाचे ठरते. याहून फसवा प्रकार म्हणजे गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेले: एक तर दुसऱ्याच जातीच्या गाठीने ग्रंथीच्या देठावर दाब देऊन डोपामिनची वाट अडवलेली असते, नाहीतर प्रोलॅक्टिन इतके प्रचंड असते की काही चाचणीपद्धती गोंधळून कमी आकडा दाखवतात आणि नमुना पातळ करून पुन्हा मोजल्यावरच खरा आकडा कळतो. या दोहोंतील फरक न करता सुरी किंवा गोळी हाती घेणे अक्षम्य आहे.

गोळीने सर्वच गाठी विरतात, हेही खोटे: वृद्धिसंप्रेरकाच्या आणि कुशिंग रोगाच्या, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल वाढवणाऱ्या, गाठींत सहसा शस्त्रक्रियाच पहिली असते. प्रोलॅक्टिनोमातही गोळी जन्मभर घ्यावी लागतेच असे नाही. किमान दोन वर्षांनंतर प्रोलॅक्टिन सामान्य आणि एमआरआयमध्ये गाठ दिसेनाशी झाली असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून पाहता येते. मूल होणार नाही, ही भीतीही उपचारानंतर बहुधा निराधार ठरते, इतकी की गर्भधारणा नको असलेल्यांना गोळी सुरू करतानाच गर्भनिरोधनाची सूचना द्यावी लागते.