कापते ते इंजिन की दाता? मध्यम चेन सॉची तुलना

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकले आणि सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरल्यावर जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत डोंगरपट्ट्यातील हिरड्यांसह असंख्य झाडे त्याने आडवी केली. रस्त्यावर पडलेला बुंधा कुऱ्हाडीने तोडण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या अल्पांशात पेट्रोलवर चालणारा चेन सॉ तो मोकळा करतो, हे अशा प्रसंगी सर्वांनाच पटते. परंतु दोन यंत्रांपैकी अधिक चांगले कापणारे कोणते, हे केवळ माहितीपत्रक वाचून ठरत नाही, कारण कापण्याचे काम एकटे इंजिन करीत नसते.

व्यावसायिक वापराच्या चेन सॉमध्ये साधारणपणे ५० ते ६० सीसीची यंत्रे मध्यम समजली जातात. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या सरकतो त्या जागेचे घनसेंटिमीटरमधील आकारमान होय. या गटात स्टिल कंपनीचे एमएस २६१ हे ५०.२ सीसीचे, तर हस्कवर्नाचे ५५० एक्सपी मार्क २ हे ५०.१ सीसीचे यंत्र असून दोहोंची शक्ती ३ किलोवॅट आहे; त्यांच्या वरच्या पायरीवरील एमएस ३६२ आणि ५६२ एक्सपी ही यंत्रे अनुक्रमे ५९ व ५९.८ सीसीची असून दोन्ही ३.५ किलोवॅट शक्ती देतात. एकाच पायरीवरच्या प्रतिस्पर्धी यंत्रांत कागदावर इतके साम्य असल्यामुळे प्रत्यक्ष कामात जाणवणाऱ्या फरकाचे मूळ बहुधा साखळीत शोधावे लागते.

साखळीचा दाता जवळून पाहिला, तर त्याचे दोन भाग दिसतात: मागे धारदार कड असलेले पाते आणि पुढे एक लहानसा उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात. हा उंचवटा पात्याच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो आणि दाता प्रत्येक वेळी लाकडात किती खोल शिरेल, हे तेवढ्या अंतरावरून ठरते. पाते वारंवार घासल्यावर त्याची उंची कमी होत जाते. अशा वेळी उंचवटाही त्या प्रमाणात घासला नाही, तर धार कितीही चांगली असली तरी दाता लाकडावरून नुसता घसरत राहतो, आणि तो प्रमाणाबाहेर घासला, तर दाता अधाशासारखा खोल शिरून यंत्राला झटके बसतात. चांगल्या धारेची साखळी आडव्या छेदात जाडसर कपच्या बाहेर टाकते. बोथट साखळीतून पिठासारखा भुसा पडू लागतो आणि कापणाऱ्याला यंत्र दाबावे लागते.

वेगाचा हिशेबही साखळीशीच जोडलेला आहे. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधील अंतराचा निम्मा भाग. मध्यम यंत्रांवर ०.३२५ इंच किंवा ३/८ इंच पिचची साखळी असते. सात दात्यांच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या चक्रावर, मिनिटाला १०,००० फेरे होत असतील, तर पहिली साखळी सेकंदाला सुमारे १९ मीटर आणि दुसरी सुमारे २२ मीटर धावते. तरीही मोठ्या पिचची साखळी नेहमीच जलद कापते असे नाही, कारण ती बहुधा रुंद खाच पाडते, अधिक लाकूड उकरते आणि त्यासाठी इंजिनावर अधिक भार टाकते; कमी शक्तीच्या यंत्रावर अरुंद खाचेची साखळी म्हणूनच फायद्याची ठरते.

न्याय्य तुलना करायची असेल, तर दोन्ही यंत्रांना सारख्या लांबीचा बार, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती पोलादी पट्टी, आणि सारखीच नवी साखळी बसवून, इंजिने तापवून घेऊन, एकाच ओंडक्यावर आलटून पालटून छेद घ्यावे लागतात. एका यंत्राचे सगळे छेद आधी आणि दुसऱ्याचे नंतर घेतले, तर मध्येच आलेली गाठ एकालाच भोवते. नंतर छेदाचे क्षेत्रफळ वेळेने भागावे: ३० सेंटिमीटर चौरस तुळईचा छेद ९०० चौरस सेंटिमीटरचा असल्यामुळे, तो एका यंत्राने १० सेकंदांत आणि दुसऱ्याने १२ सेकंदांत घेतल्यास त्यांचा वेग अनुक्रमे ९० आणि ७५ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद ठरतो. एका छेदावर विसंबून न राहता किमान तीन छेदांची सरासरी धरणे योग्य होय.

युरोपातील मऊ सूचिपर्णी लाकडावर मिळालेले आकडे मात्र या तालुक्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथील बाभूळ आणि चिंच ही लाकडे टणक आहेत, आणि उन्मळून पडलेल्या झाडाच्या सालीत माती-मुरूम अडकलेला असल्याने साखळीची धार काही क्षणांत जाऊ शकते. त्यातच भीमाशंकरच्या आसपासचा घाटमाथा सुमारे १,००० मीटर उंचीवर असून तेथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी असते, त्यामुळे इंजिनाची शक्तीही साधारण तितकीच घटते. इंधन आणि हवेचे मिश्रण आपोआप जुळवून घेणारी यंत्रे अशा ठिकाणी सुरळीत चालतात. तथापि विरळ हवेमुळे गमावलेली शक्ती त्यांनाही भरून काढता येत नाही.

म्हणून काही सेकंदांच्या छेदापेक्षा दिवसभरात किती लाकूड निघाले, हे मोजमाप येथे अधिक खरे ठरते, आणि त्यात कानस लावण्यात गेलेला वेळ धरावाच लागतो. फांद्या उतरवणे आणि मध्यम जाडीचे बुंधे कापणे एवढेच काम असेल, तर ५० सीसीचे हलके यंत्र, ०.३२५ इंच पिचची साखळी आणि १५ ते १६ इंची बार पुरेसा होतो. चिंचेचे जाड बुंधे वारंवार कापायचे असतील, तरच ६० सीसीच्या यंत्राचे जादा वजन आणि जादा इंधन यांचे मोल वसूल होते. हिरडा, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्यामुळे ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडण्याआधी परवानगी घेणे आवश्यक आहे. खरेदीच्या वेळी यंत्रासोबत योग्य व्यासाची गोल कानस आणि डेप्थ गेज मोजण्याची पट्टी घेतली, आणि दोन्ही वापरण्याचा सराव केला, तर साध्या यंत्राचा मालकही बोथट साखळी चढवलेल्या महागड्या यंत्राच्या मालकाला मागे टाकू शकतो.