खाडीपलीकडचे शहर

मंडणगड, दापोली, खेड, गुहागरच्या खाडीपट्ट्यात मुस्लिम मोहल्ल्यांतून फिरताना दुमजली, रंगीत आणि वर्षातले बहुतेक दिवस बंद असलेली घरे दिसतात. घर कोणाचे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "तो दुबईला असतो." म्हणजे कमवायला गेला आहे. तिथे तो संध्याकाळी कुठे जातो, कोणाबरोबर बसतो, ते शहर त्याला आवडते का, हे सहसा कोणी विचारत नाही. तोही आपणहून सांगत नाही. घरच्यांनी इकडे एकट्याने दिवस काढायचे आणि आपण तिकडच्या शहरावर जीव लावायचा, ही त्याला बेइमानी वाटते.

पण जीव लागतो. कोकणी मुसलमानाला समुद्र ओलांडणे नवे नाही. आगबोटींवरचे खलाशी इथल्याच गावांतून गेले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जण थेट केप टाऊनला जाऊन स्थायिक झाले. दुबई तर तेव्हा फारशी परकीही नव्हती. तिथल्या बाजारात आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबईने तो सोडला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडले. पुढच्या काळात दुबईकडे माणसांचा ओघ वाढतच गेला.

गावाकडून नव्याने गेलेल्याला त्या शहरात पहिली ओळखीची वाटते ती खाडी. डेरा आणि बर दुबई यांच्यामधून वाहणाऱ्या खाडीवर 'आब्रा' नावाच्या लाकडी होड्या चालतात. भाडे एक दिरहम. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाणाऱ्या माणसाला यात नवल नसावे. पण इथे बाकावर शेजारी पेशावरचा ड्रायव्हर, समोर फिलिपाइन्सची कॅशियर, पलीकडे इराणी व्यापारी आणि केरळचा नर्स बसलेला असतो. तू कोणाचा मुलगा, कुठल्या वाडीतला, असे कोणी विचारत नाही. गावात जन्मापासून ज्याला बापाच्या नावाने ओळखले गेले, त्याला आयुष्यात पहिल्यांदा फक्त एक प्रवासी म्हणून बसता येते. हा मोकळेपणा पगाराच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

राहायला 'बेडस्पेस' मिळते, म्हणजे एका खोलीत सहा-आठ जणांत एक पलंग. खोली इतकी लहान की सुटीच्या दिवशी बाहेर पडावेच लागते आणि तिथेच शहराशी ओळख वाढते. नाईफच्या गल्ल्या, मसाल्यांचा बाजार, करामातली हॉटेले, कोपऱ्यावरच्या 'बकाला'तली उधारी, रात्री उशिरापर्यंत मिळणारा करक चहा. ९ सप्टेंबर २००९ रोजी मेट्रो सुरू झाली आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थंड डब्यात बसून जाता येऊ लागले. बोलायला तर अडचणच नाही. टॅक्सीत, चहाच्या टपरीवर, शिंप्याच्या दुकानात मोडकी हिंदी-उर्दू चालते. इथे भारत-पाकिस्तान म्हटले की आवाज चढतात, तिथे दोन्हीकडची माणसे एकाच खोलीत डाळ शिजवतात.

रमजानमध्ये हे शहर आणखी जवळचे होते. कामाचे रोजचे तास कायद्याने दोनने कमी होतात. सूर्यास्ताला पोलिसांची तोफ धडाडते आणि रोजा सुटतो. मशिदींबाहेर सतरंज्यांवर ओळीने खजूर, पाणी, फळे, बिर्याणी मांडलेली असते. जो बसेल तो पाहुणा, धर्म कोणी विचारत नाही. जेबेल अलीच्या गुरुद्वारातही इफ्तार होते. बर दुबईत मोठ्या मशिदीच्या पाठीमागच्या गल्लीत १९५८ पासूनचे मंदिर होते, अनेक वर्षे त्या बोळात फुलांच्या माळा विकल्या जात. रात्री तरावीहची नमाज आटोपली की दुकाने गजबजतात आणि पहाटेच्या सहरीपर्यंत रस्ते जागे राहतात. घरापासून दूर रोजे धरणाऱ्याला ही गर्दी मोठा आधार देते.

स्त्रियांना हे शहर आणखी वेगळे भेटते. पगार किमान ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहण्याची जागा, असेल तर बायको-मुलांना बोलावता येते. गावात मगरिबनंतर एकटी बाहेर न पडलेली बाई तिथे रात्री अकराला मुलाला घेऊन खाडीकाठी फिरते, मेट्रोचे कार्ड स्वतः भरते, काही जणी गाडी शिकतात, नोकरी धरतात. परतायची वेळ आली की नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त जड जाते.

शहर सर्वांना असे सारखे भेटत नाही, हेही खरे. सोनापूरच्या कामगार छावण्यांत राहणाऱ्या अनेकांना ते बसच्या खिडकीतूनच दिसते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम बंद ठेवावे लागते, यावरूनच उरलेल्या तासांची कल्पना यावी. ज्या उंच इमारतींचे फोटो गावाकडे पाठवले जातात, त्या बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी काम संपल्यावर त्यांच्या आत पाऊलही टाकलेले नसते.

आणि ज्यांना शहर आवडले, त्यांनाही ते आपले म्हणत नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचे. अलीकडे श्रीमंतांसाठी, विशेष कौशल्य असणाऱ्यांसाठी दीर्घ मुदतीचे व्हिसा आले, पण दुकानात सव्वीस वर्षे माल लावणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाहीत. ज्या शहरात तारुण्य गेले, तिथे म्हातारपण काढता येत नाही.

मग तो परततो. घर बांधून तयार असते, पोरांची लग्ने झालेली असतात. लोक म्हणतात, सुटला एकदाचा. पण रात्री नऊला मोहल्ला शांत झाला की त्याला झोप येत नाही. चहाला कुठे जावे, कळत नाही. तो चिडचिडा झाला आहे, असे घरचे म्हणतात. आपण एक शहर गमावले, असे तोंडाने म्हणायची त्याला लाज वाटते. आपण तर फक्त कमवायला गेलो होतो!

या ईदला असा कोणी भेटला तर शीरखुर्म्याची वाटी पुढे करताना "किती जमवलेस?" किंवा "आता पुढे काय?" हे प्रश्न बाजूला ठेवावेत. त्याऐवजी विचारावे, की तिथे तुझी आवडती जागा कुठली होती? उत्तराला बहुधा थोडा वेळ लागेल. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.