फुटलेला नळ आणि घरमालक

घर भाड्यानें देणाऱ्या गृहस्थास महिन्याच्या आरंभीं हातीं पडणारें भाडें आवडतें. रात्रीं अकरा वाजतां येणारा बिऱ्हाडकरूचा निरोप आवडत नाहीं. परंतु घर म्हटलें कीं त्यांत नळ आले, आणि नळ म्हटले कीं ते केव्हां तरी गळणार, तुंबणार किंवा फुटणार हेंहि ठरलेलेंच आहे. छप्पर गळूं लागलें तर पाऊस थांबेपर्यंत खालीं पातेलें ठेवतां येतें; भिंतीचा रंग उडाला तर दिवाळीची वाट पाहतां येते. फुटलेला नळ कोणासाठींहि थांबत नाहीं. घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्या संबंधाची खरी परीक्षा होते ती अशाच एखाद्या रात्रीं.

अहमदनगरच्या पुण्याकडील बाजूस असलेल्या केडगांवाचें उदाहरण घ्यावें. (दौंडजवळचें केडगांव तें निराळें.) रेणुकामातेच्या देवळामुळें हें नांव जिल्ह्यांत सर्वांच्या परिचयाचें आहे. एके काळीं शहराबाहेरचें खेडें असलेलें हें ठिकाण आज महानगरपालिकेच्या हद्दींतील उपनगर आहे. शहराचें नांवहि २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. येथें नोकरदार माणसानें निवृत्तीच्या पैशांतून बांधलेलें दुमजली घर, खालीं स्वतः मालक व वर एखादें बिऱ्हाड, ही व्यवस्था नेहमींची. कित्येकदां मालक मुलाकडे पुण्यास राहावयास जातात आणि दोन्ही मजल्यांवर बिऱ्हाडें येतात. अशा मालकांजवळ दुरुस्तीसाठीं ठेवलेला माणूस नसतो किंवा कचेरी नसते. घर हाच त्यांचा ठेवा आणि त्याचें भाडें हाच म्हातारपणाचा आधार.

शहरास पाणी मुळा धरणाचें मिळतें. तें विळद येथून उपसून वसंत टेकडीवरील टाक्यांत आणतात व तेथून शहरांत वांटतात. हें पाणी घरोघर चोवीस तास वाहत नाहीं. ठरलेल्या वेळीं येतें आणि जातें. त्यामुळें बहुतेक घरांत खालीं हौद, गच्चीवर टाकी व मध्यें विजेचा पंप अशी मांडणी दिसते. येथें नळ फुटला म्हणजे नुसती भिंत ओली होत नाहीं. पुढचें पाणी येईपर्यंतची सगळी सांठवण जाते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भूमिगत गटारें असलेल्या शहरांच्या पाण्याच्या योजना आंखतांना माणशीं रोज १३५ लिटर हें प्रमाण धरण्याची आपल्याकडे रीत आहे. चार माणसांच्या कुटुंबास तें ५४० लिटर होतें. आतां न्हाणीघरांतील एका सांध्यांतून मिनिटास एक लिटर पाणी जात आहे असें समजावें. ही धार कांहीं मोठी नव्हे. मोठा तांब्या भरावयास मिनिट लागावें इतकीच. तरीहि तासाला ६० लिटर, आणि रात्रीच्या आठ तासांत ४८० लिटर पाणी मोरींतून निघून जातें. म्हणजे घरांतील माणसें झोंपेंत असतां एका कुटुंबाचें जवळजवळ एका दिवसाचें पाणी गेलें! १००० लिटरांची भरलेली टाकी अशा धारेनें सतरा तासांच्या आंत कोरडी होते.

नळ पुष्कळदां पाणी येण्याच्या वेळींच कां फुटतो, असा प्रश्न कोणी करील. पाणी बंद असतां नळांत हवा शिरते. पुढें पाणी जोरानें आलें म्हणजे तें त्या हवेस पुढें रेटतें, आणि तिला वाट न मिळाल्यास तिचा धक्का सांध्यांवर बसतो. वाहती तोटी एकदम बंद केल्यानेंहि असाच ठोका बसतो. जुन्या कारागिरांस हें ठाऊक होतें. निजामशाहींत अहमदनगरास कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळांनीं पाणी आणलें होतें. पुण्याच्या कात्रज नळासारख्या जुन्या योजनांत हवा व दाब यांस वाट मिळावी म्हणून ठिकठिकाणीं उंच उच्छ्वास बांधलेले आढळतात. आजच्या घरांत गच्चीवरील टाकीच्या नळास जोडलेली उघड्या तोंडाची उभी नळी तेंच काम करते. घर बांधतांना दहा-पांच फूट नळी वांचविण्यासाठीं ती गाळली जाते, आणि त्या काटकसरीची किंमत पुढें सांधे मोजतात.

आतां प्रत्यक्ष संकटाच्या वेळीं काय करावें तें पाहूं. पहिलें काम दुरुस्तीचें नव्हे, पाणी थांबविण्याचें आहे, आणि तें घरांत जो हजर असेल त्यानेंच केलें पाहिजे. प्रथम पंप बंद करावा. मग गच्चीवर जाऊन टाकीखालची चावी फिरवावी. पाणी तापविण्याचा विजेचा बंब चालूं असल्यास त्याचें बटण बंद करावें. पाणी विजेच्या बटणांच्या बाजूस ओघळत असेल, तर ओल्या हातानें कशासहि स्पर्श न करतां, कोरड्या जागेवरून घराचा मुख्य खटका पाडावा. तेथवर जाण्याची वाटच ओली असेल तर माणसांनीं बाहेर पडून वीजवाल्यास बोलवावें. टाकीची चावी गंजून घट्ट बसली असेल, तर फुटलेल्या जागेखालीं बादली ठेवून घरांतील इतर सर्व तोट्या उघडाव्या आणि पिंपें, घागरी, पातेलीं भरून घ्यावीं. जें पाणी जाणारच आहे तें निदान भांड्यांत तरी पडेल. फुटलेला नळ रस्त्यावरचा मुख्य नळ असेल, तर तें काम महानगरपालिकेचें. त्यास घरच्या कारागिरानें हात लावूं नये.

हें सर्व पांच मिनिटांत होण्यासारखें आहे. पण चावी कोठें आहे हें बिऱ्हाडकरूस ठाऊक असेल तरच. येथेंच बहुतेक घरमालक चुकतात. घर दाखवितांना ते हवा, उजेड व देवघराचा कोनाडा दाखवितात. पाण्याची चावी दाखवीत नाहींत. गच्चीच्या दारास कुलूप असतें व त्याची किल्ली मालकाजवळ पुण्यांत असते. नव्या बिऱ्हाडास पहिल्याच दिवशीं गच्चीवर नेऊन कोणती चावी कशाची आहे हें दाखवावें, प्रत्येकीवर रंगानें खूण करावी आणि दर दोन-तीन महिन्यांनीं ती एकदां मिटून उघडावी, म्हणजे ती जाम होत नाहीं.

पाणी थांबलें म्हणजे अर्धें संकट टळलें. चीर बारीक असेल तर रात्रीपुरता उपाय घरींहि करतां येतो. नळ कोरडा पुसून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चिरेवर घट्ट गुंडाळावी व वरून तारेनें आवळावी. एम-सीलसारखा लेप लावावयाचा तर नळ कोरडा हवा आणि लेप वाळण्यास वेळ दिला पाहिजे. परंतु ही पट्टी म्हणजे जखमेवरचा फडका होय. सकाळीं कारागीर आलाच पाहिजे.

कारागीर आल्यावर मालकास थोडी माहिती असावी. जुन्या घरांतील जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आंतून गंजतात. एका ठिकाणीं छिद्र पडलें म्हणजे शेजारचा भागहि दुबळा झालेला असतो. तेवढ्याच छिद्राला थिगळ लावून घेण्यापेक्षां तो सबंध तुकडा बदलणें स्वस्त पडतें. आट्यांवर पूर्वीं तागाचा धागा व सफेता लावीत; आतां टेफलॉनची पांढरी फीत गुंडाळतात. प्लॅस्टिकच्या नळांचे सांधे चिकटद्रव्यानें जोडतात. तें वाळण्यास डब्यावर लिहिलेला वेळ जाऊं द्यावा लागतो, नाहींतर घाईनें सोडलेलें पाणी तोच सांधा पुन्हां उकलतें. गरम पाण्यासाठीं साधा पीव्हीसी नळ चालत नाहीं. तेथें सीपीव्हीसी किंवा त्या तोडीचा दुसरा नळच हवा. दोनशे रुपये वांचविण्यासाठीं भलताच नळ बसविला म्हणजे तोच निरोप मालकास पुन्हां येतो.

यानंतर उभा राहतो तो खर्चाचा प्रश्न, आणि भांडणें होतात तीं येथें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांपुढें जो आदर्श भाडेकरू कायदा ठेवला, त्यांत याची एक सोपी वांटणी आहे. आवश्यक तेव्हां नळ बदलणें व त्यांची दुरुस्ती करणें हें मालकाकडे. तोटीचा वायसर किंवा तोटी बदलणें, मोरी साफ करणें, हात धुण्याचें भांडें व संडासाचें भांडें यांची दुरुस्ती हें भाडेकरूकडे. हा कायदा राज्यांसाठीं नमुना म्हणून आहे; तरी त्यांतील तत्त्व ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जें भिंतींत आहे तें मालकाचें, जें रोज हातानें फिरतें तें वापरणाऱ्याचें.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ज्या क्षेत्रांना लागू आहे, तेथें कलम १४ प्रमाणें, करारांत याविरुद्ध ठरलें नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. भाडेकरूनें निदान पंधरा दिवसांची लेखी सूचना दिल्यावर रास्त वेळांत मालकानें दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूस ती स्वतः करून घेऊन खर्च भाड्यांतून वळता करतां येतो; मात्र वर्षाकाठीं ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होतां कामा नये. उलटपक्षीं, रास्त वेळीं, आधीं सूचना देऊन जागा पाहण्याचा हक्क कलम २८ नें मालकास दिला आहे. आणि पाण्यासारखा आवश्यक पुरवठा रास्त कारणावांचून तोडण्यास वा रोखण्यास कलम २९ नें मालकास मनाई केली आहे. भाडें थकलें म्हणून वरच्या मजल्याची चावी बंद करणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

कायद्याची ही योजना न्यायाची आहे, पण ती दिवसांच्या मापानें चालते. फुटलेला नळ मिनिटांच्या मापानें चालतो. पंधरा दिवसांची मुदत ही आळशी मालकास जागें करण्यासाठीं आहे, बुडत्या न्हाणीघरासाठीं नव्हे. ही उणीव भरून काढण्याची जागा म्हणजे उभयतांचा करार. अकरा महिन्यांचा लीव्ह-लायसन्सचा करार असो वा साधा भाडेकरार, तो लेखी व नोंदणीकृत असावा असें कलम ५५ सांगतें, आणि ती जबाबदारी मालकावर टाकतें. नोंदणी केलेली नसेल तर वादाच्या वेळीं अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. त्या करारांत चार ओळी अधिक घालाव्या. पाण्याचें वा विजेचें संकट आल्यास, मालकाशीं संपर्क न झाला तरी, बिऱ्हाडकरूनें अमुक रकमेपर्यंत दुरुस्ती करून घ्यावी. कारागिराची पावती, फुटलेल्या भागाचें छायाचित्र व शक्य तर तो तुकडा ठेवावा. आणि ती रक्कम पुढील भाड्यांतून वळती करावी. रकमेचा आंकडा आधींच ठरलेला असला म्हणजे रात्रीं बारा वाजतां घासाघीस करावी लागत नाहीं. परगांवीं राहणाऱ्या मालकानें गांवांतील दोन कारागिरांचे दूरध्वनि-क्रमांक आणि किल्ली ठेवणारा एखादा शेजारी किंवा नातलग यांचीं नांवें बिऱ्हाडकरूस लिहून द्यावीं.

तातडीच्या दुरुस्त्या पुष्कळशा आधीं छोट्याच असतात. भिंतीवर तळहाताएवढी ओल दिसते, पंप नेहमींपेक्षां लवकर लावावा लागतो, रात्रीं टाकींतून पाण्याचा आवाज येतो. शंका असेल तर रात्रीं सर्व तोट्या मिटून टाकींतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी व सकाळीं पाहावी. पाणी उतरलें असेल तर गळती आहे. या खुणा मालकाला दिसत नाहींत, त्या बिऱ्हाडकरूलाच दिसतात. आणि त्या तो सांगेल कीं नाहीं, हें मागच्या वेळीं त्याला काय उत्तर मिळालें यावर अवलंबून असतें. "तुमच्याच मुलांनीं तोटी पिरगाळली असेल" असें ज्याला एकदां ऐकावें लागलें, तो दुसऱ्या वेळीं गप्प बसतो. ओल भिंतींतून स्लॅबमध्यें उतरते, आंतील लोखंडी सळ्या गंजूं लागतात, आणि वायसरच्या किमतींत मिटणारें काम गवंड्याच्या हातीं जातें. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाच्या तर डोक्यावरच तें येतें.

यास्तव शहाण्या मालकानें निरोप आल्याबरोबर प्रथम "पाणी बंद झालें का?" एवढेंच विचारावें, कारागीर पाठवावा आणि दोष कोणाचा हें दुसऱ्या दिवशींच्या चहापर्यंत राखून ठेवावें. बिऱ्हाडकरूनेंहि, घर दुसऱ्याचें असलें तरी पाणी आपल्याच वांट्याचें जात आहे, हें ओळखून चावीकडे धांव घ्यावी. जेथें पहिल्या थेंबाची खबर न भितां सांगतां येते, त्या घरांत मध्यरात्रीचे निरोप सहसा येत नाहींत.